चौथी पट्टी

त्या इमारतीत त्याला सगळे पायलटच म्हणत. वॉचमन पायलट म्हणे, पेपरवाला पायलट म्हणे, आणि तळमजल्यावरची म्हातारी तर त्याच्या बायकोला सरळ 'पायलटीणबाई' अशी हाक मारे. खरं सांगायचं तर अकरा वर्षं तो को-पायलट होता. डाव्या खुर्चीत कॅप्टन, उजव्या खुर्चीत हा. पण लोकांना त्याचं काय? विमान उडवतो ना, मग झालं तर! डाव्या आणि उजव्या खुर्चीतला फरक त्या अख्ख्या इमारतीत एकाच माणसाला कळत होता, आणि तो माणूस जन्मात कधी कॉकपिटमध्ये शिरला नव्हता. ते त्याचे वडील.

वडील शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी फक्त गणवेश शिवले. शाळांचे, हॉटेलांचे, दवाखान्यांचे, एकदा तर एका बँडपथकाचे. दुकान म्हणजे काय, दोन मशिनी, एक इस्त्री आणि एक आरसा, त्यातही गुडघ्याखालचं दिसायचं नाही. पोराला विमान कंपनीत नोकरी लागली, कोट घरी आला, तेव्हा बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, बाहीवरच्या दोन सोनेरी पट्ट्या डोळ्यांजवळ नेल्या आणि तोंड वाकडं केलं. "ही काय शिलाई म्हणायची? घाईघाईत घातलेले टाके!" पोरगा "अहो बाबा, राहू द्या, कंपनीचा कोट आहे" म्हणेपर्यंत पट्ट्या उसवून झाल्या होत्या. संध्याकाळपर्यंत हाताने पुन्हा शिवून तयार. पुढे दोनाच्या तीन झाल्या, तेव्हाही तेच. कंपनीने शिवायच्या, बाबांनी खालून एकेक उसवायच्या, आणि बाबांनीच पुन्हा शिवायच्या. तिसरी शिवून झाल्यावर तिच्या वरची रिकामी जागा त्यांनी अंगठ्याने चोळली. "इथे एक राहिली," म्हणाले. बस्स, एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही.

आता ती राहिली का होती, हे सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगाच मठ्ठ असेल. मठ्ठ मुळीच नव्हता. विमान कंपनीत माणसाचं सगळं नशीब एका आकड्यात असतं. कोण कधी कामाला लागलं, त्या क्रमाची यादी. महिन्याच्या ड्यूट्या ठरताना ज्याचा आकडा वर, त्याने आधी निवडायचं. ज्याचा खाली, त्याला उरलंसुरलं. को-पायलटांच्या यादीत हा आता वरून सहावा होता. मागेल ती फेरी, मागेल ती सुट्टी. कॅप्टन झालं की बाहीवर चौथी पट्टी आणि पगार जवळजवळ दुप्पट, पण यादी दुसरी, आणि त्या यादीत हा एकदम तळाला. तळाचे कॅप्टन कायम स्टँडबायवर. म्हणजे ठरलेली फेरी नाहीच. वर्दी चढवून घरी बसायचं. कुठे कोणी आजारी पडला, कोणाचं विमान अडकलं, की फोन. फोन आल्यापासून दीड तासात विमानतळावर हजर. आणि एकदा डावी खुर्ची घेतली की दोन वर्षं मागे फिरायची सोय नाही. तसा नियमच.

क्रू-रूममध्ये या विषयाचा इतका काथ्याकूट चाले की विचारू नका. कोण म्हणे पैसा बघ, कोण म्हणे घरची शांती बघ. एक गृहस्थ तर केस पिकेपर्यंत खुशाल उजव्या खुर्चीत बसले होते आणि दर शनिवारी तळ्यावर गळ टाकून मासे धरत. त्यांना सगळे हसत, आणि मनातल्या मनात सगळे त्यांच्यावर जळत.

पायलटने तीन वर्षं डोकं खाजवलं आणि शेवटी एकदाचा कॅप्टनकीचा अर्ज टाकला. टाकला आणि नवव्या दिवशी बाबा दुकानात मशीनवरच कलंडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

अर्ज मागे घ्यायला अजून बारा दिवस होते. बायको म्हणाली, "मागे घे. आत्ता नको." ती शाळेत गणित शिकवायची, तिचं बोलणं नेहमी असं थोडक्यात. त्यालाही पटलं होतं. मुदत संपायच्या दिवशी तो ड्यूटीवरून तसाच कोटात दवाखान्यात आला, बाबांच्या खाटेशेजारी बसला आणि मोबाइलवर अर्ज उघडला. 'रद्द करा'वर अंगठा टेकवायचा, तेवढंच बाकी होतं. इतक्यात बाबांचा डावा हात चादरीतून बाहेर आला आणि त्याच्या बाहीवर फिरला. एकीवरून, दुसरीवरून, तिसरीवरून. मग वरच्या रिकाम्या जागेवर अंगठा थांबला, आणि बारा दिवस अक्षरही न फुटलेल्या तोंडातून शब्द आला.

"चार."

नर्ससुद्धा धावत आली. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कुठला मुलगा अर्ज रद्द करील? त्याने मोबाइल खिशात टाकला आणि नाक पुसलं.

घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, चौपन्न पायऱ्या. दर बुधवारी दहा वाजता बाबांना गावाच्या दुसऱ्या टोकाला उपचार केंद्रात न्यायचं. तिथल्या थेरपिस्ट बाई कडक, पण हाताला गुण असलेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "पहिले सहा महिने सोन्याचे समजा. जे परत यायचं ते बहुतेक यातच येतं. पुढे मग घासून घासून थेंबभर मिळतं." आणि केंद्राचा नियम असा, की लागोपाठ तीन बुधवार चुकले की जागा दुसऱ्याला. चाळीस माणसं दाराशी ताटकळत होती, त्यामुळे बाईंना तरी काय बोलणार? घरी येऊन उपचार करा म्हणावं, तर ती यंत्रं काय पर्समध्ये घालून आणणार?

जिना उतरायची एक रीत बसून गेली होती. पायलट एक पायरी खाली, बाबांकडे तोंड करून, मागे मागे उतरणार. त्याचे दोन्ही हात बाबांच्या कमरेच्या पट्ट्यात, बाबांचा डावा हात त्याच्या खांद्यावर. "एक." पाय. "दोन." पाय. असं चौपन्नपर्यंत. मदतीला माणूस ठेवून पाहिला. चांगला धट्टाकट्टा, गोड स्वभावाचा. पहिल्याच वळणावर बाबांनी कठडा धरला तो काही केल्या सोडेनात. भीतीने पँट ओली झाली. जन्मभर दुसऱ्यांच्या पँटी नीटनेटक्या ठेवलेला माणूस तो! त्यानंतर त्या मदतनिसाचा विषय निघाला तरी बाबा भिंतीकडे तोंड करून बसत. एकदा बायकोने हिंमत केली, तर दोघं मिळून दोन पायऱ्या घसरली. तेव्हापासून ठरलंच, पायलट असेल तरच जिना.

आणि गुण येत होता बरं का. "बरं" आणि "नाही" हे दोन शब्द आले. डाव्या हाताने शर्टाचं बटण लागायला लागलं. उजवीचं एक बोट हललं, तेव्हा थेरपिस्ट बाईंनी चक्क टाळी वाजवली. पायलटचं कॅप्टनकीचं ट्रेनिंग दोन महिने चाललं, पण ट्रेनर भला माणूस होता, त्याने बुधवार मोकळे ठेवू दिले. परीक्षा झाली, नवा कोट आला. चार पट्ट्यांचा. बाबा इतके हसले की उजवीकडून लाळ गळली. "चार," म्हणाले. "चार, चार." मग सवयीने पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. घाईची शिलाई! आणि मग त्यांची नजर मांडीवर पडून राहिलेल्या स्वतःच्या उजव्या हाताकडे गेली. बायको उगाच पाणी आणायला आत गेली.

पुढच्या महिन्याचं रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, आलं. सुट्टी गुरुवार-शुक्रवार. शनिवार ते बुधवार स्टँडबाय. म्हणजे नेमकं एका दिवसाने हुकलं.

त्याने रोस्टरवाल्यांना फोन लावला. "मला फक्त बुधवार हवाय. त्याच्या बदल्यात रविवार घ्या, दोन्ही सुट्ट्या घ्या."

"सर, तुमचा आकडा किती?"

"एकशे अठ्ठ्याण्णव."

पलीकडच्या मुलीने जरा वेळ खाली-वर पाहिलं असावं. "सर, कॅप्टन एकूण एकशे अठ्ठ्याण्णवच आहेत," ती म्हणाली. कुत्सितपणे नाही हो, बिचारीने खरंच वाईट वाटून सांगितलं. आणि त्यानेच जास्त लागलं.

पहिल्या बुधवारी तो घरीच होता. ही तर गंमत आहे, माणूस घरीच होता! सकाळी सहापासून वर्दी चढवून, बूट घालून, मोबाइल टेबलावर उताणा ठेवून. समोरच्या खुर्चीत बाबा, तेही तयार, तेही बूट घालून. त्यांना कोणी तयार केलं नव्हतं; बुधवार आहे म्हणून त्यांनी डाव्या हाताने स्वतःच चढवले होते. केंद्रातून विमानतळ गाठायला दोन तास दहा मिनिटं लागतात, हे पायलटने आधीच गाडीने जाऊन मोजलं होतं. नियम दीड तासाचा. पहिल्याच महिन्यात फोन आला आणि पोचला नाही, तर नवी पट्टी गेली आणि नोकरीवर डाग. बाप-लेक समोरासमोर बसून राहिले. दहा वाजले, अकरा वाजले. फोन वाजला नाही.

बायको शाळेतून आली, दोघांचे बूट पाहिले आणि म्हणाली, "तू विमानात असतास ना, तर निदान चीड तरी आली नसती."

दुसऱ्या बुधवारी त्याच्याने राहवेना. म्हणाला, जे होईल ते होईल. चौपन्न पायऱ्या, गाडी, निघाले. बाबा खिडकीतून दुकानांच्या पाट्या बघत होते, मजेत होते. पंचवीस मिनिटांनी मोठा चौक लागला. लाल दिवा. आणि त्या दिव्यापाशी याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. आत्ता फोन आला तर इथून किती, त्या पुलावरून किती, पूल बंद असला तर किती. दिवा हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, कोणीतरी शिवीही हासडली. त्याने गाडी वळवली.

"बाबा, नाही जमत हो," तो म्हणाला.

"बरं," बाबा म्हणाले. त्यांच्याकडे तीनच शब्द होते, त्यातला त्यांनी सगळ्यात मऊ निवडला.

फोन त्या दिवशीही वाजला नाही. मेला तो फोन! वाजला असता तर निदान म्हणता तरी आलं असतं.

दोन बुधवार गेले, आता तिसरा. तिसरा चुकला की जागा गेली, आणि सोन्याच्या सहा महिन्यांतले अडीच अजून शिल्लक. पायलटचं जेवणावरचं लक्ष उडालं. तेव्हा क्रू-रूममध्ये मिशीवाले कॅप्टन त्याला भेटले. भरघोस मिशा आणि चार वर्षं स्टँडबायवर काढलेली, त्यामुळे सगळ्या खाचाखोचा पाठ.

"अरे वेड्या, फोनची वाट बघत बसतात काय?" ते म्हणाले. "आपणच फोन करायचा. एखादी मुक्कामाची छोटी फेरी मागून घ्यायची. मुक्काम करून परत आलास की पुढचे चोवीस तास सक्तीची विश्रांती. तुला कोणी फोन करूच शकत नाही, कायदा आहे तो! सोमवारी जा, मंगळवारी दुपारी एकला ये, बुधवारी एकपर्यंत तू मोकळा पक्षी."

याला तर त्यांचे पाय धरावेसे वाटले. रोस्टरवाल्या मुलीनेही आनंदाने फेरी दिली. घरी आल्यावर बाबांना म्हणाला, "बुधवारी नक्की. काय वाट्टेल ते होवो." बाबांनी डावा हात वर केला, जणू मापाची पट्टी हातात घेऊन गिऱ्हाइकाला 'शब्द दिला' म्हणतायत.

सोमवार छान गेला. दुसऱ्या गावी उतरले, झोपले. मंगळवारी सकाळी परतीची तयारी. शेजारी को-पायलट म्हणून एक तरुण मुलगी होती, कामाला चोख. तिने एकेक यंत्र तपासलं आणि थांबली. "सर, रडार उठत नाहीये." विमानाच्या नाकात एक रडार असतं, ते पुढचे वादळी ढग दाखवतं. ते मेलं होतं. इंजिनिअर आला, बंद करून पाहिलं, चालू करून पाहिलं, दोनदा केलं, हात टेकले.

"पुस्तकात बसतं साहेब," इंजिनिअर म्हणाला. "वाटेत वादळी ढग नसतील तर रडारशिवाय नेता येतं. ठरवायचं कॅप्टननी. सही तुमची."

हवामानाचा कागद आला. मधल्या डोंगरांवर दुपारच्या सुमारास वादळी ढग जमण्याची शक्यता. शक्यता! होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही. असला कागद एरवी हाताखालून गेला असता. अकरा वर्षं असा पेच आला की तो काय करायचा? डावीकडे बघायचा. आताही सवयीने त्याने डावीकडे पाहिलं. डावीकडे खिडकी होती.

खिडकीबाहेर आभाळ निळंशार. त्याला बुधवार दिसत होता, बूट घालून बसलेले बाबा दिसत होते. एक सही, की एक वाजता घरी. मुलीचे डोळे त्याच्या पेनावर होते. मागे दीडशे माणसं चढायची होती, आणि त्यांतलं कोणी ना कोणी कोणाचा तरी बाप होतंच.

"नाही नेणार," तो म्हणाला.

नवा सुटा भाग संध्याकाळच्या विमानाने येणार, रात्रीत बसणार, विमान बुधवारी अकराला निघणार. त्याने ऑफिसला फोन करून अक्षरशः गयावया केली. "मला दुसऱ्या विमानात प्रवासी म्हणून बसवा. हे विमान न्यायला दुसरा कोणी पाठवा."

"सर, दुसरा म्हणजे स्टँडबाय कॅप्टन. आणि तिथे पाठवलेला स्टँडबाय कॅप्टन तुम्हीच आहात."

उड्डाण रद्द झाल्याचं सांगायला तो स्वतः प्रवाशांसमोर गेला. एक जाडजूड गृहस्थ तावातावाने अंगावर आले. "तुमचं काय जातंय हो? तुम्हाला हॉटेलात आराम! आमची कामं आहेत घरी." तो मान खाली घालून "माफ करा" म्हणाला. तीनदा म्हणाला.

दुपारी हॉटेलच्या खिडकीतून तो डोंगरांकडे बघत उभा राहिला. एक वाजला, दोन वाजले, चार वाजले. ढगाचं एक बोट आलं नाही. आपलं बरोबर होतं की चूक, हे आता कोणी कधीच सांगू शकणार नव्हतं.

बुधवारी सकाळी आठला बायकोचा फोन आला. तिने रजा घेतली होती. खालच्या मजल्यावरचे दोघं बोलावून, बाबांना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट खाली न्यायचा घाट घातला होता. "पहिल्याच पायरीवर त्यांनी कठडा धरला," ती म्हणाली. "बोटं पांढरी झाली रे. मी जबरदस्ती नाही केली."

"बरं केलंस."

"केंद्रात बोलले मी. बाई रडवेल्या झाल्या होत्या, पण यादी त्यांच्या हातात नाही म्हणाल्या. पुन्हा नाव घातलं तर सात-आठ महिने."

सात-आठ महिने. त्याने फोन ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिला. इतक्यात मोबाइल टिंग झाला. स्टँडबाय कॅप्टनांचा ग्रुप. वेळ आठ वीस. मिशीवाल्यांनी मजकूर टाकला होता: 'आज सगळ्या स्टँडबायवाल्यांना सोडलं. गरज नाही म्हणतायत. मजा करा लेको!'

म्हणजे तो काही न करता नुसता घरी बसला असता, तर आठ वीसला मोकळा झाला असता. चौपन्न पायऱ्या, एक तासाची गाडी, दहाला केंद्रात. आरामात. त्याने हुशारी केली, तिथेच सगळं बिनसलं. थोड्या वेळाने मिशीवाल्यांचा फोन आला. "काय रे, निघालात ना बाबांना घेऊन?" याने घडलं ते सांगितलं. "माझंच चुकलं रे," मिशीवाले म्हणाले. "तुमचं काय चुकलं सर," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. इंजिनिअरचं चुकलं नव्हतं, बाईंचं नव्हतं, त्या रोस्टरवाल्या मुलीचंही नव्हतं. चिडायला कोणी माणूसच सापडत नव्हता.

दुपारी तीनला तो घरी पोचला. बाबा त्याच खुर्चीत. पायांत अजून बूट. बायको दारातच हळूच म्हणाली, "काढूच देत नाहीयेत."

तो तसाच कोटात त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. "बाबा, जागा गेली," म्हणाला. "माझ्यामुळे गेली. विमान बिघडलं होतं. मी आणू शकलो असतो, नाही आणलं." आणि मग त्याला रडू आवरलं नाही. चाळिशीचा बाप्या, बाहीवर चार पट्ट्या, आणि शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा हुंदके देत बसला.

बाबांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. मग खाली आणून बाहीवर. बराच वेळ पट्ट्या चाचपल्या आणि कपाटाकडे बोट केलं. तिथे त्यांचा सुया-दोऱ्यांचा डबा होता. दुकान बंद झाल्यापासून त्याचं झाकण कोणी उघडलं नव्हतं.

"कात्री?" बायकोने विचारलं. "उसवायची?"

"बरं," बाबा म्हणाले.

पायलटच्या छातीत एकदम काहीतरी उजळलं. बाबांना शिवायचंय! नेहमीसारखं कंपनीची शिलाई उसवायची आणि आपली घालायची. डाव्या हाताने का होईना! केंद्राची जागा गेली तरी बाबांनी हाय खाल्ली नव्हती. त्याने लगबगीने कोट काढला, बाही त्यांच्या मांडीवर पसरली, निर्जीव उजवा हात वजनासारखा कापडावर ठेवला आणि इवलीशी कात्री डाव्या बोटांत अडकवली. बाबा कामाला लागले. टोक घसरे, पुन्हा लावत. दहा मिनिटांनी एक टाका तुटला. कपाळावर घाम. आणखी एक तुटला.

"बाबा, ही वरची आहे," पायलट हसत म्हणाला. "तुम्ही नेहमी खालच्यापासून सुरुवात करता ना?"

बाबांनी मान वर केली. ओठ हलले, वाकडे झाले, पुन्हा हलले. हा शब्द त्यांना अजून येत नव्हता, तो ते तिथल्या तिथे जमवत होते.

"तीन," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"तीन." आणि कात्री पुन्हा चौथ्या पट्टीखाली घातली.

बायकोने तोंडावर हात ठेवला. पायलटला हसावं की काय करावं कळेना. "बाबा, अहो, नाही होत तसं," तो म्हणाला. "दोन वर्षं नाही फिरता येत मागे. नियम आहे. नुसती पट्टी काढून काय होणार?" बाबा ऐकतच नव्हते. "तीन," म्हणायचे आणि टोक खुपसायचे. तिसरा टाका काही तुटेना. जन्मभर ज्या शिलाईला घाईची म्हणून नावं ठेवली, ती आता हलायला तयार नव्हती. शेवटी कात्री बोटांतून गळून पडली. पायलटने ती उचलली, पण त्यांच्या हातात परत दिली नाही.

शनिवारी सकाळी सातला फोन वाजला. कोणीतरी कॅप्टन आजारी होता, नऊचं विमान. त्याने धडाधड आवरलं, कोट चढवला, तर चौथ्या पट्टीचं टोक लोंबत होतं. "थांब, असा कसा जाशील?" बायको म्हणाली आणि सुई-दोरा घेऊन आली. तो बाही पुढे करून दारात उभा राहिला, एक डोळा घड्याळावर. तिने घाईघाईत दोन टाके घातले आणि दोरा दाताने तोडला. दीड तासातली बारा मिनिटं गेली होती.

"बाबा, येतो हं," त्याने आत आवाज दिला.

बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.